गालजीबागला दिवे नकोत, पण शौचालय हवं

गेल्या रविवारी आईला घेऊन दक्षिण गोव्यातल्या गालजीबागच्या किनाऱ्यावर गेले. तिथं दुकान शोधत बसायचं नाही हे ठाऊक होतं. त्यामुळे फोंड्याहून निघतानाच घावन-चटणीचा डबा, पाण्याच्या चार बाटल्या आणि एक जुनी चादर घेतली. काणकोणला चावडीवर केळी घेतली, एवढंच.

सुरूच्या सावलीत चादर अंथरली. माणसं मोजून दहा-बारा, आणि आवाज फक्त लाटांचा नि सुरूंमधल्या वाऱ्याचा. पुढे वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांची. आई म्हणाली, "हिच्या अलीकडे दर्या येत नाही, म्हणून ती मर्यादवेल." हीच वेल वाळूचे उंचवटे धरून ठेवते. खुर्च्या मांडायला ती उपटली की वाळू सुटलीच.

थोडं पुढे कासवाचं घरटं जाळीनं राखलेलं दिसलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पुढचे पन्नासेक दिवस अंडी उबवते ती वाळूच. पिल्लू नर होणार की मादी, हेही तिच्याच उबेवर ठरतं. बाहेर पडलेली पिल्लं उजेडाकडे धावतात, आणि काळोख्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतो तो समुद्र. मागे एखादा हॅलोजन लावला की ती उलट्या दिशेनं जातात, सुकून मरतात किंवा कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतात. किनाऱ्यावरच्या बांधकामांना आवर घालणाऱ्या २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांचे म्हणून नावानिशी आले आहेत, ते उगीच नाही. त्यामुळे "इथं दिवे लावा, शॅक (वाळूवरची झोपडीवजा हॉटेलं) येऊ द्या, म्हणजे पर्यटक येतील" असं कुणी म्हणालं की मी भांडते. यापुढेही भांडेन.

पण त्या दुपारी दुसरंही एक कळलं. ऊन चढलं तरी आईनं पाण्याला हात लावला नव्हता. मी बाटली पुढे केली तर म्हणाली, "नको गो. मग जायचं कुठं?"

आम्ही होतो त्या बाजूला खरंच कुठं सोय दिसली नाही. पुरुष सुरूंच्या मागे जाऊन येत होते. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई कुठं जाणार? पाळी चालू असलेली मुलगी कुठं जाणार? "किनारा आहे तसाच राहू दे, काही नको" हे मीही आजवर म्हणत आले. त्या "काही नको"मध्ये आईची तहान होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शौचालय म्हणजे शॅक नव्हे. ते वाळूवर नकोच. रस्त्याच्या कडेला, झाडांच्या मागे बांधा. टाकी उंचवट्यांपासून लांब असू दे, दिवा फक्त आत, दाराला धड कडी, नळाला पाणी, आणि रोज साफ करणाऱ्या माणसाला वेळेवर पगार. यानं एकाही पिल्लाची वाट चुकणार नाही. सोय म्हटली की सगळं एकाच गाठोड्यात बांधायचं, ही सवय दोन्ही बाजूंनी सोडायला हवी.

शेवटी परतताना रस्त्याकडेच्या एका घरी विचारलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईनं एक शब्द न विचारता आईचा हात धरून तिला परसात नेलं. आई बाहेर आली आणि तिनं आधी तांब्याभर पाणी मागितलं.