माळढोक परत आला म्हणून मामांची जमीन जाणार नाही

आमच्या मामांचं शेत सोलापूर जिल्ह्यात नान्नजजवळ आहे. परवा त्यांचा फोन आला, "बागेचं गिऱ्हाईक बघू का?" कारण काय, तर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज. त्यात म्हटलंय, राजस्थानातून माळढोक, म्हणजे माळरानावरचा मोठा, दुर्मिळ पक्षी, आणून इथं सोडणार, मग जमिनी जप्त, द्राक्षबागा बंद. पक्षी पिकं फस्त करणार. मुळात तो राजस्थानचाच, आणि पडीक माळावर पक्ष्यापेक्षा झाडं लावा, असंही त्यात आहे. आदेशाचा क्रमांक, तारीख, सही, काहीच नाही.

राजस्थानचा? तो तिथला राज्यपक्षी आहे, एवढंच. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज देशभरात मोकळ्यावर दीडशेसुद्धा उरलेले नाहीत. पक्षी इथलाच होता, आपण संपवला.

पिकांचं थोडक्यात. तो भुईमूग, बोरं खातो, पण नाकतोडे, भुंगेरे, सरडेही खातो. दोन-चार पक्ष्यांनी शिवार फस्त होत नाही.

जमिनीच्या भीतीमागे मात्र कारण आहे, ते मान्य करावंच लागेल. १९७९मध्ये इथं माळढोक अभयारण्य केलं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर हद्दीत गावंच्या गावं ओढली. खरेदी-विक्री अडली, रस्ते अडले. लोकांचा राग रास्त होता. पण पुढे हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली, हे मेसेज लिहिणाऱ्याने गाळलं. आणि नान्नजच्या द्राक्षबागा वाढल्या त्या अभयारण्य असतानाच.

सगळ्यात घातक वाक्य झाडांचं आहे. माळ पडीक नाही. कुसळी, पवन्या ही गवतं वाढतात तिथेच लांडगा, काळवीट आणि धाविक पक्षी राहतात, धनगरांची मेंढरं चरतात. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच, आणि धोका लांबून दिसावा म्हणून त्याला उघडं रान लागतं. सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली माळांवर गिरिपुष्पाची झाडं लावली तेव्हा हिरवं दिसलं म्हणून आपण खूश झालो, पण गवतातल्या पक्ष्यांची जागा गेली. पावसाळा आला की पुन्हा रोपं घेऊन फोटो काढायला माळावर जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

माळढोक इथं परत यावा असं मला मनापासून वाटतं, पण लगेच आणून सोडायला माझाही विरोध आहे. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम इथं २०१९पासून आणि पुढे रामदेवरा इथंही माळढोकाची पिंजऱ्यात पैदास चालू आहे. इतक्या कष्टाने वाढवलेलं पिल्लू उच्चदाबाच्या तारांखाली सोडायचं? अंगाने जड, समोरचं नीट दिसत नाही, उडताना तारेला धडकतो आणि मरतो. आधी माळावरच्या तारा जमिनीखाली घाला, मोकाट कुत्री आवरा, गवत राखा आणि हद्दीतल्या शेतकऱ्याला लेखी हमी द्या. ग्रामसभेत हे चार मुद्दे मांडा. आणि मामा, बाग विकू नका.