लॅम्ब होमवरील इटालियन चॅपेल : एक खुलासा

स्कॉटलंडमधील ऑर्कनी बेटांवरचे छोटे कॅथलिक चॅपेल इटालियन युद्धकैद्यांनी पहाऱ्याची नजर चुकवून, दगड घडवून गुप्तपणे उभारले, असा मजकूर छायाचित्रासह फिरत आहे. त्यातील ‘दगड’ आणि ‘गुप्तपणे’ हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. ऑक्टोबर 1939 मध्ये जर्मन पाणबुडीने ऑर्कनीतील स्कापा फ्लो या नौदल तळावर ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवल्यानंतर तेथील पूर्वेकडच्या सामुद्रधुन्या बंद करण्यासाठी चर्चिल बॅरिअर्स हे बांध घालण्यात आले आणि त्या कामावर 1942 पासून हे कैदी होते. प्रार्थनेसाठी त्यांना छावणीच्या अधिकाऱ्यांनीच दोन निस्सन झोपड्या, म्हणजे पन्हळी पत्र्याच्या अर्धगोल बराकी, दिल्या होत्या. त्या एकमेकींना जोडून आतून प्लास्टरबोर्ड लावण्यात आला. छायाचित्रात दिसणाऱ्या विटा आणि कोरीव दगड ही त्यावर इटलीतील मोएना गावचे कैदी दोमेनिको किओकेत्ती यांनी केलेली रंगकामाची किमया आहे, त्यामुळे छायाचित्र पाहून फसलेल्यांना फारसा दोष देता येत नाही. दर्शनी भाग काँक्रीटचा आहे. 1944 मध्ये बाकीचे कैदी बेट सोडून गेले, तरी किओकेत्ती बाप्तिस्म्याचे पात्र पूर्ण करण्यासाठी मागे थांबले, आणि डागडुजीसाठी 1960 मध्ये पुन्हा आले.