खाशाबा आणि चुनी गोस्वामी: जन्मतारीख एक, पदकं वेगवेगळी

१५ जानेवारी जवळ आला की एक संदेश फिरू लागतो: ‘खाशाबा जाधव आणि चुनी गोस्वामी, एकाच दिवशी जन्मलेले भारताचे दोन ऑलिंपिक पदकविजेते.’ तारीख बरोबर आहे. खाशाबा १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे, फुटबॉलपटू गोस्वामी १९३८ चे. पदकाचं मात्र चुकलंय.

ऑलिंपिक पदक फक्त खाशाबांचं. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्य. काही जण ते भारताचं ‘पहिलं ऑलिंपिक पदक’ म्हणतात, तेही खरं नाही. हॉकी संघानं १९२८ मध्येच सुवर्ण आणलं होतं. खाशाबांचं पदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि हा मान मुळीच लहान नाही.

गोस्वामींचं सुवर्ण १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतलं. ते कर्णधार, सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ अशी मात. भारतीय फुटबॉलला ऑलिंपिक पदक आजवर मिळालेलं नाही, १९५६ चा चौथा क्रमांक हीच सर्वोत्तम कामगिरी. हेच गोस्वामी पुढे रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार होते! संदेशात हे यायला हवं होतं.

पुढे पाठवायचाच असेल, तर दुरुस्त करून पाठवा.