तिकिटाचे ऐंशी हजारावे भाटकार व्हा

तुमच्याकडे दहा हजार रुपये सुटे पडले असतील आणि जुन्या वस्तूंचा नाद असेल तर पहिला सल्ला, या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊ नका. गेलात तर चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळांच्या पलीकडे कुणीतरी फडक्यावर जुनी नाणी, अडकित्ते, गंजकी कुलपं मांडून बसलेला असतो, तुम्ही उकिडवे बसणार, घासाघीस करणार, तीनशेला ठरवणार आणि ती वस्तू पिशवीतून घरी येणार. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ठेवायची कुठे, पुसायची कुणी, बायको म्हणणार आणखी एक भंगार, आणि आठ दिवसांनी ती वस्तू तुम्हाला इतकी आवडायला लागणार की विकायची म्हटलं तर जीव होणार नाही. असल्या कलेक्टरला हल्ली कुणी विचारत नाही.

हल्लीचा कलेक्टर वस्तू घेत नाही, वस्तूचा वाटा घेतो. फ्रॅक्शनल ओनरशिप म्हणायचं त्याला. माझ्या मावसभावाने घेतलाय एक, कुठल्यातरी अमेरिकन चित्राचा. पर्वरीला त्याच्या बाल्कनीत बसून त्याने मला मोबाइल दाखवला, स्क्रीनवर एक गोल, त्या गोलात एक बारीक निळी रेघ. "ही रेघ माझी," म्हणाला. मी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. होती खरी रेघ. चित्र कसं आहे विचारलं तर म्हणाला, "असेल चांगलंच, एवढ्या लोकांनी घेतलंय."

हे चालतं कसं ते पोस्टाच्या तिकिटाच्या उदाहरणाने सांगतो, म्हणजे तुम्हाला लगेच पटेल. १८५६ सालचं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं तिकीट, किरमिजी कागदावर काळी शाई, कोपरे कापलेले, जगात एवढं एकच शिल्लक. १८७३ मध्ये बारा वर्षांच्या शाळकरी पोराला सापडलं, त्याने सहा शिलिंगला विकलं आणि मोकळा झाला. (पोराला अ‍ॅप नव्हतं, नाहीतर अजून धरून बसला असता.) २०१४ मध्ये बुटांचे डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन यांनी ते जवळजवळ ९५ लाख डॉलरला घेतलं आणि २०२१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ८३ लाखांना गेलं, म्हणजे सात वर्षांत वर न जाता खालीच आलं, पण असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात. या वेळी ते घेतलं लंडनच्या स्टॅनली गिबन्सने, तिकिटांच्या धंद्यातली १८५६ चीच कंपनी, तिकीट आणि दुकान एकाच वर्षीचं. त्यांनी त्याच वर्षी त्याचे ८०,००० वाटे काढले, एक वाटा १०० पौंडाला. आता गुणाकार करा, सगळे वाटे खपले तर ८० लाख पौंड होतात, आणि तिकीट घेतलं होतं ८३ लाख डॉलरला. पौंड आणि डॉलर एकच नव्हेत हे आमच्या शेजारच्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या बाबालाही कळतं, पण तो कलेक्टर नाही.

तर तेव्हाच्या भावाने दहाएक हजार रुपयांत तुम्ही ०.००१२५ टक्के मालक, गोव्यात जमीनदाराला म्हणतात तसे भाटकार. किती भाग आला ते मी कागदावर मांडून बघितलं. तिकीट साधारण एक इंच बाय सव्वा इंच, त्याचे ८०,००० तुकडे केले तर एकाच्या वाट्याला ०.०१ चौरस मिलिमीटर येतो. खसखशीचा दाणा त्याच्यापुढे भोपळा. त्यातही तुमचा तुकडा शाई लागलेला की नुसता कागद हे विचारायचं नाही, कारण तुकडा तसा तुमचा नाहीच, फक्त टक्का तुमचा.

या तिकिटाच्या मागच्या बाजूला जुन्या मालकांनी आपापल्या खुणा करून ठेवल्यात, तशी पद्धतच आहे त्याची, आणि वाइट्झमन यांनी स्वतःची आद्याक्षरं काढून शेजारी उंच टाचेचा बूट काढलाय. बुटाचा धंदा, बुटाचं चित्र, बरोबरच आहे. तुम्ही तुमच्या ०.०१ चौरस मिलिमीटरवर काय काढणार ते आधी ठरवून ठेवा. मी माझ्यापुरतं टिंब ठरवलंय, पण तेही हद्दीबाहेर जाईल आणि शेजारचा मालक कोर्टात जाईल.

कोर्टावरून आठवलं. आम्हा गोंयकारांना ही विद्या बाहेरच्यांनी शिकवायची म्हणजे पोदेराला पाव विकण्यासारखं आहे. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावाची जमीन सगळ्यांची सामायिक, कोमुनिदाद, आणि वर्षाचा झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, घ्यायला गांवकर रांगेत. पुढे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड आला, त्यात मुलगे-मुली सगळे वारस, शिवाय नवऱ्याच्या वाट्यात बायको आणि बायकोच्या वाट्यात नवरा, फारच न्यायी कायदा, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त चार पिढ्या जाऊ द्या. आमच्या शिरोड्याच्या घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबाराच तो) आज तेवीस नावं आहेत, त्यातली सहा वारलेली, दोघं दोनदा आलेली आणि एक कोण आहे ते कुणालाच माहीत नाही पण त्याचा वाटा आमच्यापेक्षा मोठा आहे. माझा वाटा मी काढला तर साधारण न्हाणीघर आणि तुळशीपर्यंतची अर्धी वाट येते.

तुम्ही म्हणाल मग नवीन व्हिलाचा तुकडा घेऊ, आसगाव-शिवोलीच्या जाहिराती रोजच येतात फोनवर. घ्या की. जमीन-इमारतींच्या असल्या तुकड्यांसाठी सेबीने २०२४ मध्ये नियम केलेत, पण त्या रीतीने शिरायचं तर किमान दहा लाख टाकावे लागतात, म्हणजे ते मोठ्या भाटकारांचं काम. चित्रं-तिकिटांना तो नियम लागत नाही, तिथे तुमच्या-माझ्यासारख्याला रान मोकळं.

चित्रांमध्ये तर मजाच आहे. न्यूयॉर्कची मास्टरवर्क्स ही कंपनी २०१७ पासून हेच करते, मोठं चित्र घ्यायचं, त्याचे शेअर करायचे, दरवर्षी दीड टक्का व्यवस्थापनाचा आणि चित्र विकलं की नफ्यातला २० टक्के त्यांचा. चित्र गोदामात. तुम्ही बघायला जायचं नाही, खिळा मारायचा नाही, विकायचं कधी ते तुम्ही ठरवायचं नाही, तीन वर्षं लागोत की दहा. आता साधा हिशोब करा, चित्राची किंमत दहा वर्षं जागची हलली नाही तरी पंधराएक टक्के भाडं तुम्हीच भरलं, ते पण आपल्याच चित्राला दुसऱ्याच्या गोदामात झोपवायचं. आमच्याकडे निदान कुळ तरी राहायचं आणि खंड द्यायचं, इथे कुळपण तुम्ही आणि भाटकारपण तुम्ही.

देशी हवं असेल तर वासुदेव गायतोंडे घ्या. जन्म नागपूरचा, १९२४ चा, पण आईवडील गोव्याचे, म्हणजे आपलेच, आणि आपलेच म्हणायला आपल्याला त्यांच्या चित्राची किंमत कळेपर्यंत थांबावं लागलं. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. माणूस कमी बोलायचा, वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं करायचा. अशा चित्रापुढे तासभर गप्प उभं राहावं असं म्हणतात. तुमचा वाटा हजारावा असेल तर साडेतीन सेकंद उभे राहा, बाकी वेळ बाकीच्यांचा.

आणि समजा लोक जमले, पैसे जमले आणि वस्तूच मिळाली नाही तर? तेही झालंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेची मूळ छापील प्रत लिलावात घ्यायची म्हणून इंटरनेटवर १७,००० हून जास्त लोकांनी क्रिप्टोत ४ कोटी डॉलरच्या वर वर्गणी काढली, गणपतीची सुद्धा एवढी जमत नाही. प्रत गेली एकट्या केन ग्रिफिन या अब्जाधीशाला, ४.३२ कोटी डॉलरला. मग पैसे परत. परत घ्यायला नेटवर्कची फी, आणि ज्यांनी थोडे टाकले होते त्यांच्यातल्या कित्येकांची फीमध्येच वर्गणी उडाली. नुसतं हरायला पण पैसे लागतात बघा.

एवढं सांगूनही तुम्हाला स्वस्तातलंच काही हवं असेल तर त्याचे तोटे ऐकून घ्या.

माझ्याकडे सहा एस्कुदांचं नाणं आहे, १९५९ चं. बाजारात दोनशेला घेतलं, तो साडेतीनशे म्हणत होता. नाणं पांढुरकं, जड, कडेला कुणीतरी दातांनी चावल्यासारखी एक खाच. आता सहाचं नाणं कशाला काढावं कुणी, पाच असतं, दहा असतं. तर त्याआधी इथे रुपिया चालायचा, सोळा टांग्यांचा (टांगा म्हणजे इथला आणा), आणि पोर्तुगिजांनी एस्कुद आणला तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुद धरले, म्हणून तीनचं नाणं आणि सहाचं नाणं, म्हणजे आठ आणे आणि रुपया लोकांच्या हाताला ओळखीचा लागावा. आणि हे सगळं करून होईस्तोवर १९६१ चा डिसेंबर आला आणि एस्कुदाचा खेळ खलास. आजीला विचारलं तर म्हणाली होती, बाजारात लोक शेवटपर्यंत रुपयाच म्हणायचे. आता हे सगळं मला त्या नाण्यामुळे कळलं आणि माझा एक अख्खा रविवार गेला. वाटा घेतला असता तर गेला नसता, त्यात कळायला काही नसतंच.

पणजीला मोठ्या पोस्टात तर जाऊच नका. जुनी तंबाखूची वखार ती, तिथे दोनशे रुपये भरून फिलाटेलीचं खातं उघडलं की नवीन तिकिटं घरी यायला लागतात, आणि तिकीट आलं की अल्बम आला, अल्बम आला की चिमटा आला, चिमटा आला की नातू शेजारी येऊन बसतो आणि हे काय ते काय विचारत डोकं खातो. 'माय स्टॅम्प' म्हणून पण एक आहे, तीनशे रुपयांत बारा तिकिटं, त्यावर तुमचा स्वतःचा फोटो. अख्खी बारा, वाटेकरी नाही. एवढी मालकी माणसाला झेपत नाही.

मारिओ मिरांडांच्या चित्रांच्या टाइल्स मिळतात, त्या घेतल्या तर भिंतीला लावाव्या लागतात आणि मग चहा पिताना रोज त्यातलं एखादं नवीन पात्र सापडतं, कोपऱ्यातलं कुत्रं, बाल्कनीतली म्हातारी. आल्तिनोवर कला महाविद्यालयातल्या पोरांची प्रदर्शनं असतात, तिथे ओरिजिनल चित्र मिळतं, चित्रकार समोर उभा असतो आणि तुम्ही घेतलंत म्हणून लाजतो. फारच अवघड प्रसंग. कंपनीच्या वाट्यात कुणी लाजत नाही.

एक मात्र खरंच सांगतो, यात उपरोध नाही. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात कुणी तुम्हाला ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं राम-सीता-हनुमानाचं नाणं म्हणून देईल, ते घेऊ नका, कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. घेतलंच तर देव्हाऱ्यात ठेवा.

मावसभाऊ गेल्या महिन्यात आमच्याकडे आला होता. जेवण झालं, त्याला निळी रेघ दाखवायची होती पण आमच्या शिरोड्याला रेंज नाही, मग तो सहा एस्कुदांचं नाणं हातात घेऊन बसला. उलटं केलं, सुलटं केलं, खाचेवरून अंगठा फिरवला. "हें सगळें तुजें?" म्हणाला. मी हो म्हटलं. दिलं नाही.

घराचं म्हणाल तर माजघरावरची कौलं गेलीत, यंदा ताडपत्रीवर पावसाळा काढतोय. कौलं बदलायला तेवीसजणांची संमती पाहिजे, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय. परवा लिस्बनच्या काकांचा अंगठा आला, तो कौलांना आहे की खाली कुणीतरी टाकलेल्या वाढदिवसाच्या केकला, ते अजून विचारतोय.