‘वारसाच्या घरावर कसला आलाय टॅक्स?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘वडिलांचं घर विकताय? बयाणा घ्यायच्या आधी सल्ला घ्या’ या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच बरसलात. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते: वारसाने आलेल्या घरावर भारतात कर नाही, मी लोकांना घाबरवून वकील-सीएंची दुकानं चालवते, दर आता सरळ 12.5 टक्के झालाय, तो मोबाइलवरही काढता येतो. आणि तुम्ही 2012 साली रावपुऱ्यातलं घर कुणालाही न विचारता विकलंत, आजवर नोटीस नाही. शेवटी जाता जाता लिहिलंत की पुतणे आता बडोद्यातलं दांडिया बाजारचं घर 90 लाखांना काढतायत, त्यातला एक अमेरिकेत आहे आणि बहिणीला ‘काहीतरी देऊन’ हक कमी करून (म्हणजे घरावरचा तिचा हक्क कागदाने सोडवून) घेणार आहेत. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि म्हटलं, सविस्तर लिहायलाच हवं.

वारसा मिळाला म्हणून कर नाही, हे अगदी बरोबर. इस्टेट ड्यूटी 1985 सालीच गेली. पण माझा लेख घर मिळण्याबद्दल नव्हता, विकण्याबद्दल होता. विकलं की कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, आला आणि त्यावर कर आला. आणि तुमच्या 2012 च्या अनुभवाचं म्हणाल तर तो कायदा आता राहिलेला नाही. तेव्हा जुन्या घराची किंमत 1 एप्रिल 1981 ची धरत, आता 2001 ची धरतात. 23 जुलै 2024 पासून तर दरही बदलला.

आता ते ‘सरळ 12.5 टक्के’. कशावर 12.5 टक्के, काका? समजा दादांनी (तुमच्या थोरल्या बंधूंनी) घर 1968 साली 22 हजारांना घेतलं होतं. वारसाला मूळ मालकाची किंमत आणि मूळ मालकाची तारीख, दोन्ही मिळतात. 22 हजार वजा केले तर कर होतो सुमारे 11 लाख 22 हजार. पण 2001 च्या आधीचं घर असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत धरायची मुभा आहे. रजिस्टर्ड व्हॅल्युअरने ती 8 लाख काढली, तर 12.5 टक्क्यांनी कर 10 लाख 25 हजार. 15 लाख निघाली, तर सुमारे 9 लाख 37 हजार. शिवाय जुलै 2024 च्या आधीपासूनच्या घराला, विकणारा भारतात राहणारा असेल तर, जुना रस्ताही खुला आहे: महागाई निर्देशांक लावून 20 टक्के. 2025-26 चा निर्देशांक 376. त्याने 15 लाखांचे 56 लाख 40 हजार होतात, नफा उरतो 33 लाख 60 हजार आणि कर 6 लाख 72 हजार. तेच 8 लाख धरले तर या रस्त्याने जवळजवळ 12 लाख भरावे लागतील, म्हणजे तिथे 12.5 टक्केच बरे. सेस (करावरचा उपकर) वरून वेगळा. घर एकच, गिऱ्हाईक एकच, आणि कर पावणेसात लाखांपासून बारा लाखांपर्यंत कुठेही. व्हॅल्युअरला वाटेल तो आकडा लिहिता येत नाही, हेही सांगते. त्या तारखेची स्टॅम्पची सरकारी किंमत उपलब्ध असेल तर तिच्यापेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणून जुनी जंत्री (सरकारी दरांचा तक्ता) काढून बघणारा माणूस लागतो.

आता बहिणीकडे येते. दादा मृत्युपत्र न करता गेले असतील तर मुलीचा वाटा भावांइतकाच आहे, वहिनी असतील तर त्यांचाही. तेव्हा ‘काहीतरी’ हा शब्द मला खटकला, पण तो घरचा प्रश्न. कराचा प्रश्न असा, की तिला 20 लाख देऊन हक कमी केला तर कायद्याच्या नजरेत तिने आपला हिस्सा विकला. तिच्या रिटर्नमध्ये कॅपिटल गेन आला. भावांनी तो हिस्सा आज विकत घेतला, म्हणजे त्या हिश्श्याला (वारस तिघंच धरले तर एक तृतीयांश घराला) दादांची 1968 ची तारीख लागत नाही. तो हिस्सा दोन वर्षांच्या आत 30 लाखांना गेला तर वरचे 10 लाख अल्प मुदतीचे, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांच्या दराने कर. तिने एक पैसा न घेता हक्क सोडला तर गोष्ट वेगळी, ती भेट धरली जाते आणि जुनी तारीख टिकते. खरोखरीचा कौटुंबिक समझोता असेल तर त्यालाही कोर्टांनी विक्री मानलेलं नाही. तुमचा कागद विक्री, भेट की समझोता, या तिन्हींपैकी कशात बसतो, हे कागद लिहिणाऱ्या वकिलाने ठरवायचं, तेही लिहायच्या आधी. एकदा दस्तावेज नोंदला की सीए फक्त बेरीज-वजाबाकी करून देणार. मला विचाराल तर तिला विक्रेती म्हणूनच बसवा, तिचा चेक तिच्या खात्यात. मग तिला करातल्या सवलतीही स्वतःच्या मिळतील.

अमेरिकेतल्या पुतण्याला मात्र 20 टक्क्यांचा रस्ता बंद आहे. 15 लाख धरले तर त्याच्या एक तृतीयांश हिश्श्यावर सुमारे 3 लाख 12 हजार, आणि इथल्या भावाच्या तेवढ्याच हिश्श्यावर 2 लाख 24 हजार. इथल्यांचा 1 टक्का टीडीएस (गिऱ्हाइकाने पैसे देतानाच कापून भरायचा कर) कापला जाईल, पण याचा मात्र नफ्यावर नाही, संपूर्ण रकमेवर मोठा टीडीएस कापायची जबाबदारी गिऱ्हाइकावर येते.

फीबद्दलचा राग मी समजू शकते. टोकनच्या दिवशी दलाल ‘टायटल क्लिअर छे’ म्हणतो आणि पाच मिनिटांत कागद गुंडाळतो, त्यापुढे वकिलाची फी जड वाटतेच. पण एका बैठकीची फी आणि वरच्या पावणेसात लाख व बारा लाख या दोन आकड्यांतला फरक शेजारी ठेवून बघा. बैठकीला जाताना फाइल पुरी हवी: मूळ दस्तावेज, प्रॉपर्टी कार्ड, पेढीनामं (वारसांची वंशावळ), आणि 2001 नंतर केलेल्या बांधकामाच्या पावत्या. घराचा स्लॅब बदलला असेल तर कंत्राटदाराच्या लेटरहेडवरची, पिन गंजलेली पावतीसुद्धा फेकू नका, तो खर्च वजा होतो. बडोद्याच्या जुन्या शहरातले बरेच भाग अशांत धाऱ्यात (गुजरातच्या ‘अशांत क्षेत्र’ कायद्यात) येतात. घर त्यात असेल तर कलेक्टरची परवानगी आधी लागते, हेही वकिलालाच विचारायचं.

कर वाचवायला बाँड घ्यायचे असतील तर विक्रीपासून सहा महिने मिळतात, दर माणशी 50 लाखांपर्यंत. पैसे पाच वर्षं अडकतात. दुसरं घर घ्यायचं तर दोन वर्षं, बांधायचं तर तीन. तोवर रिटर्नच्या मुदतीआधी ती रक्कम बँकेत कॅपिटल गेनच्या वेगळ्या खात्यात टाकावी लागते, साध्या एफडीत नाही. इथे भले भले चुकतात.

बानाखत (विक्रीचा करार) अजून झालं नसेल तर पुतण्यांना एवढंच सांगा, की अमेरिकेतल्याने कमी टीडीएसच्या दाखल्याचा अर्ज आत्ताच करावा. तो यायला वेळ लागतो, आणि दस्तावेजाच्या दिवसापर्यंत हातात नसेल तर गिऱ्हाईक पूर्ण रकमेवरच कापणार. मग रिटर्न भरून रिफंडची वाट बघत बसायचं.