क्लबचे स्टिकर वाटू इच्छिणाऱ्या पुण्यवंतांस

आपल्या कार क्लबचे स्टिकर छापून सभासदांना वाटण्याची जबाबदारी आपण आपखुशीने अंगावर घेतली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. गेले तीन महिने मी हेच पुण्य जोडत असल्यामुळे चार युक्तीच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला पोहोचतो.

बोधचिन्हाची मूळ व्हेक्टर फाईल, म्हणजे चित्र कितीही मोठे केले तरी कडा रेखीव ठेवणारी फाईल, शोधत बसू नये. व्हॉट्सॲपवर सात ठिकाणी फिरून कडा विरघळलेले चित्रच छपाईला द्यावे. पडद्यावर झळाळणारा निळा रंग छापल्यावर मंदावतो, हेही कोणाला आधी सांगू नये.

आगाऊ पैसे मागणे हा तर सभासदांचा घोर अपमान होय. ग्रुपवर ‘कोणाकोणाला हवेत?’ एवढेच विचारावे, आलेले अंगठे मोजावेत आणि तेवढे स्टिकर निःशंकपणे छापून घ्यावेत. मला १४० अंगठे आले. मराठीत अंगठा दाखवणे कशाला म्हणतात, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते. प्रत्यक्षात पैसे आले ५८ जणांचे, आणि त्यांतल्या ११ जणांनी पैसे पाठवताना शेऱ्यात स्वतःच्या नावाऐवजी ‘स्टिकर’ असे लिहिल्यामुळे मी दोन रात्री बँकेचा उतारा आणि सभासदांची यादी शेजारी ठेवून कोण कोणता ते जुळवत बसलो. उरलेल्यांपैकी कोणी मधल्या काळात गाडी विकली होती, कोणाला काचेच्या आतून लावायचा स्टिकर हवा होता, आणि एका गृहस्थांनी तर ‘यात तुमचे किती सुटतात?’ असे विचारले. सुटतात! पाकिटे माझी, स्टिकर दुमडू नये म्हणून आत घालायचा पुठ्ठा माझा, टपालाच्या रांगेतली उभी दुपार माझी, आणि सुटतात म्हणे!

पत्ता विचारल्यावर ‘तोच जुना’ म्हणणाऱ्यांचे पाकीट कोरेच टाकावे.

लावण्याच्या सूचना सोबत देऊ नयेत. एका सभासदाने काच न पुसताच स्टिकर लावला, ट्रान्सफर टेप, म्हणजे अक्षरे काचेवर बसेपर्यंत वरून धरून ठेवणारी चिकटपट्टी, हिसक्याने ओढली आणि निम्मी अक्षरे टेपवर, निम्मी काचेवर असा फोटो पाठवून बदली स्टिकर फुकट मागितला.

आता उपरोध पुरे. गाडीच्या पॉलिशवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या माणसांना एका स्टिकरचे पैसे देण्यासाठी तीनदा आठवण करावी लागते, याची लाज वाटायला हवी. ८२ स्टिकर माझ्या कपाटात पडून आहेत आणि त्यांचे पैसे मी भरले आहेत. ज्यांनी स्टिकर मागितले त्यांनी पैसे स्वतःचे नाव लिहून पाठवावेत, पूर्ण पत्ता द्यावा, आणि ‘माझा अजून आला नाही’ असे चारचौघांत लिहिण्यापूर्वी आपण पैसे दिले होते का, हे एकदा स्वतःच्या खात्यात पाहावे.