‘आईबापाचा हिशोब मांडता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

गुरुग्राम सोडून आईबाबांजवळ कोल्हापूरला राहायला जायचं का, याचा आम्ही घरात वर्षभर कसा विचार केला ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “आईबापाला सांभाळायला वर्षभर हिशोब लागतो? माया असती तर पहिल्या गाडीत बसला असता. घरी जागा असताना भाड्याचं घर बघताय, नवऱ्याला माहेरी आणताय, मग सासरच्यांचं काय? आणि एवढं ठरलंय तर येणार कधी?” आईच्या आजारपणात तुम्ही पुण्याची नोकरी सोडून गडहिंग्लजला आलात, हेही तुम्ही सांगितलंत. ज्याने हे स्वतः केलंय त्याला विचारायचा अधिकार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या गाडीत मी बसलेली आहे. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा निरोप आल्या रात्रीच निघाले होते. पण आजारपणाला धावून जाणं वेगळं आणि बिऱ्हाड हलवणं वेगळं. आमच्या ओळखीचं कोल्हापुरातलंच एक घर आहे. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलगा पंधरवड्यात बंगळुरूची नोकरी सोडून आला. बायकोला इथे तिच्या शिक्षणाचं काम मिळेना, मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच बदलली, साठवलेले पैसे औषधपाण्यात आणि घरखर्चात संपत गेले. पुढच्या वर्षी ती सगळी परत गेली. मुलाचा जीव वडिलांवर होता, त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. नंतर मी काकूंना भेटायला गेले तर त्यांच्या तोंडून मुलाबद्दल एक वाकडा शब्द आला नाही. “आमच्यापायी पोराचं वाटोळं झालं,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. काका आतल्या खोलीत खाटेवर होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

माझ्या आईबाबांवर हे ऐकायची वेळ येऊ नये, यासाठी मी हिशोब मांडला. आम्ही आलो तर टिकलो पाहिजे. आमची ओढाताण झाली तर ती म्हाताऱ्या माणसांपासून लपत नाही, आणि तिचं ओझं ती दोघं स्वतःच्या जगण्यावर घेतात.

आता हिशोबात काय होतं ते सांगते, कारण तुम्ही तो फक्त पैशांचा समजलात. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून जवळ. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडून येणारा रस्ताच तुटला. तेव्हा कितीही माया असती तरी मी पोचले नसते, आणि पुण्यात राहणारा माझा मामेभाऊही पोचू शकला नाही. आईबाबांना बाहेर काढलं ते शेजारच्या पोरांनी. आज त्या पोरांपैकी एकही गल्लीत उरलेला नाही. कुणी चाकणला, कुणी हिंजवडीला, एक दुबईला. आम्ही लांब राहू शकलो ते त्या गल्लीच्या भरवशावर, आणि ती गल्ली आता म्हाताऱ्यांची झाली आहे. कोल्हापूरला जायचंच, हे माझ्या मनात पक्कं झालं ते या कारणाने. बाबांची अँजिओप्लास्टी त्याच्यानंतर झाली.

आजारपणापेक्षा रोजचे दिवस मी जास्त मोजले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला, मग बँकेत खेटे, मोबाइलवर येणारे ओटीपी, आईच्या मोतीबिंदूच्या तारखा, संपलेली बीपीची गोळी. यातलं एकही काम असं नाही की त्यासाठी कुणी दिल्लीहून सुटी काढून यावं. ती साचत जातात. फोनवर विचारलं की “सगळं बरं हाय” हेच उत्तर मिळतं.

मग त्यांनाच इकडे का आणत नाही, असं दुसऱ्या एका वाचकाने विचारलं होतं. आणून पाहिलं. बाबा रोज सकाळी टाऊन हॉलच्या बागेत फिरतात, तिथे त्यांचे जुने विद्यार्थी वाकून नमस्कार करतात, मग चहा, पेपर, राजकारणावरची भांडणं. गुरुग्रामला लिफ्टने खाली उतरून ते बाकावर बसायचे आणि थोड्या वेळाने वर यायचे. बोलायचं कुणाशी? पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला उपटून चौदाव्या मजल्यावर लावण्यापेक्षा आम्ही हललेलं बरं, यावर माझ्या नवऱ्याचं आणि माझं एका दिवसात एकमत झालं.

भाड्याच्या घराबद्दल तुम्ही सगळ्यात कडक लिहिलंत. ते घर वेगळं असावं हे मला आईने सांगितलं. मी तिला सरळ विचारलं, आम्ही आलो तर कसं राहूया? ती म्हणाली, “तू ये की गं. पण सैपाकघर माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.” पन्नास वर्षं ज्या ओट्यावर तिची सत्ता आहे, तिथे मी डबे हलवायला लागले तर तिला मदत होणार नाही, तिचं घर जाईल. म्हणून आम्ही राजारामपुरीच्या वरच्या अंगाला घर बघतोय. शाहूपुरीत चालत जाता येतं, आणि पाणी चढायला लागलं तर त्या दोघांना हक्काने येऊन राहता येईल. जवळ राहण्यासाठी एका छपराखालीच राहायला हवं, हे मला पटत नाही. तुमच्या घरी तसं जमलं असेल तर आनंदच आहे. आमच्या घरी ते आईला नको आहे, आणि ज्यांच्यासाठी जायचं त्यांचंच ऐकायचं नाही, ही कसली सेवा?

आता सासरचं. माझे सासूसासरे लखनौला थोरल्या दिरांच्या घरी आहेत, त्यांना विचारूनच आम्ही ठरवलं. पण तुमच्या प्रश्नामागे आईबाप सांभाळणं हे मुलाचं काम असा समज आहे, आणि तो मला मान्य नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मला भाऊ असता तर तुम्ही हा प्रश्न त्याच्या बायकोच्या माहेराबद्दल विचारला असता का?

नवऱ्याची मात्र मला खरी काळजी होती, आणि वर्ष लागलं ते बहुतेक त्याच्यामुळे. तो दिल्लीत वकिली करतो. कोल्हापुरात काय करायचं, या प्रश्नाला पूर्वी उत्तर नव्हतं. 18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची कामं तिथे आली, तेव्हा पहिल्यांदा तो स्वतःहून म्हणाला, चल, बघूया. तरी खालच्या कोर्टाची कागदपत्रं मराठीत. लिपी देवनागरी म्हणून तो वाचतो, पण फेरफार, वहिवाट, कुळकायदा इथे अडतो. रोज रात्री बाबांशी फोनवर सातबारा वाचायची शिकवणी चालते. बाबांना कितीतरी वर्षांनी विद्यार्थी मिळालाय. एवढा जम बसल्याशिवाय मी त्याला ओढून आणलं असतं, तर आईबाबांची सेवा मी त्याच्या खर्चाने केली असती. माझं काम सॉफ्टवेअर चाचणीचं, ते घरून करायची परवानगी मी कंपनीकडून लेखी घेतली आहे. तोंडी आश्वासनावर बिऱ्हाड हलवू नये, हे मी सगळ्यांनाच सांगेन.

राहिला शेवटचा प्रश्न, कधी येणार. लेक आठवीत आहे. सीबीएसईत नववीलाच बोर्डाची नोंदणी होते, त्यानंतर शाळा बदलणं अवघड जातं. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली लागते. म्हणून नववीच्या आत. तिची परीक्षा मार्चमध्ये संपेल, एप्रिलमध्ये नवी शाळा सुरू होईल आणि जूनचा पाऊस लागायच्या आधी आमचं सामान राजारामपुरीत लागलेलं असेल. गाडीचं पासिंग बदलणं वगैरे मागाहून होईल.

तुम्ही आधी केलंय, तर एक मला सांगाच. गडहिंग्लजला आल्यावर पहिल्या वर्षी सगळ्यात जड काय गेलं? ते मला माझ्या हिशोबात धरायचं आहे.